इत्सेलच्या बापाची बादली

जुनी म्हणा, चरे पडलेली म्हणा, उन्हाने पिवळी पडलेली म्हणा. खरं असेल ते मी ऐकून घेते. पण 'नुसती बादली' म्हणालात तर याद राखा, मित्रांनो. नुसती बादली मोरीत असते. माझ्यावर एक माणूस कित्येक उन्हाळे बसला आणि त्याच्या पोरीने समोरून त्याच्यावर रोज संध्याकाळी चेंडूंचा मारा केला. चुकलेला चेंडू एकतर त्याच्या नडगीवर बसायचा नाहीतर माझ्या पोटावर. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. तेव्हा माझी कहाणी ऐकायची असेल तर कीव घरी ठेवून या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही आणि त्याचं दुःखही नाही. मला पहिली आठवण आहे ती कॅलिफोर्नियातल्या टुलारे गावाबाहेरच्या एका मोठ्या गोठ्याची. धार काढण्याआधी गायींची सडं ज्यात बुडवतात ते तपकिरी औषध माझ्यात भरलेलं होतं. औषध संपलं की आमच्या जातीच्या बादल्या गोठ्यामागच्या उकिरड्यावर जातात. मीही गेले होते. तिथून मला एलिसेओ विलासेन्योरने उचललं. तो त्या गोठ्यात पहाटेची धार काढायचा. त्याने मला घासून घासून धुतलं, तरी औषधाचा वास काही गेला नाही. अजून झाकण उघडलं की येतो. ज्याला नको असेल त्याने नाक धरावं.

त्याची मुलगी इत्सेल तेव्हा नुकतीच सॉफ्टबॉल खेळायला लागली होती आणि तिला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, व्हायचं होतं. हात खांद्यातून रहाटासारखा गरकन फिरवायचा आणि चेंडू खालून असा सोडायचा, की बॅट हलायच्या आत तो मागे बसून झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन थडकला पाहिजे. हे काम एकटीने शिकता येत नाही. समोर कुणीतरी बसावं लागतं, तेही रोज. गोठ्यात वाकून वाकून एलिसेओचे गुडघे आधीच कुरकुरत होते. उकिडवं बसणं त्याला जमेना. मग त्याची बायको ग्रासिएला हिने जुन्या सोफ्यातला स्पंज कापून माझ्या झाकणावर चिकटवला, त्यावर फुलाफुलांचं मेणकापड शिवलं, आणि मला नवं काम लागलं. पोटात पिवळे चेंडू आणि डोक्यावर बाप.

दुकानात गादी लावलेल्या तयार बादल्या मिळतात. त्यांच्यावर कंपनीचं नाव असतं आणि बाजूला पाण्याची बाटली अडकवायला खण असतो. मैदानावर मला बघून त्या पहिल्या वर्षी नाक मुरडायच्या. त्यातल्या बहुतेकींच्या कड्या दुसऱ्या उन्हाळ्यातच तुटल्या. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही.

एलिसेओला सॉफ्टबॉलमधलं काही कळत नव्हतं. म्हणून तो शिकवायच्या फंदात पडला नाही. चेंडू कुठे आला तेवढंच सांगायचा. "बाहेर." "खाली." "आत, फार आत, माझा गुडघा फुटला असता पोरी." मग तो चेंडू परत फेकायचा आणि म्हणायचा, "अजून." एकदा चेंडू ग्लोव्हच्या कडेला लागून त्याचा अंगठा मोडला. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून तो माझ्यावर येऊन बसला, तेव्हा ग्रासिएला दारातून ओरडली, "एक दिवस घरात बसलात तर आभाळ कोसळेल का?" एलिसेओ म्हणाला, "आभाळाचं माहीत नाही. हिची लय कोसळेल."

इत्सेल मोठी झाली तशी डस्ट डेव्हिल्स नावाच्या संघात गेली. हा संघ शाळेचा नव्हता. दर शनिवारी-रविवारी गाड्या भरून दुसऱ्या गावी जायचं, तंबू ठोकायचे, बर्फाच्या पेट्या उतरवायच्या आणि दिवसभर खेळायचं, असा त्यांचा उन्हाळा. संघाची कोच लोरेटा ब्रँट. ती स्वतः एकेकाळी कॉलेजची कॅचर होती. तिचा आवाज असा, की बाजूच्या मैदानावरच्या पोरीही दचकून शर्ट खोचायच्या. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या आईबापांना तंबूखाली बसवलं आणि नियम सांगितले.

"बॅग पोरीची, तर पाठही पोरीची," ती म्हणाली. "आईबापाने बॅग उचललेली मला दिसली, तर पोरगी त्या सामन्यात बाकावर. जाळीला नाक लावून कानमंत्र देणारा बाप दिसला, पोरगी बाकावर. माझ्या लेकीला का खेळवलं नाही असं विचारायचं असेल, तर आधी घरी जाऊन एक झोप काढा आणि मग विचारा. झोप काढल्यावर बहुतेकांना विचारावंसं वाटत नाही."

"आणि कॉलेजचं काय?" एका आईने विचारलं. सगळे आले होते त्यासाठीच. कॉलेजच्या संघात जागा मिळाली तर पोरीचं शिक्षणही तिथेच होतं, आणि फीचा मोठा भार उतरतो.

"कॉलेजच्या कोचला पत्र पोरीने लिहायचं. फोन पोरीने करायचा. स्पर्धेच्या दिवशी त्या कोच जाळीमागे खुर्च्या टाकून बसलेल्या दिसतील. तुम्ही त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. पोरीचा दिवसाचा खेळ संपेपर्यंत त्यांना तुमच्याशी बोलायला बंदी आहे. तुम्ही गेलात तर त्या उठून जातील, आणि मी तुमची पोरगी बसवीन."

"चूक आमची आणि शिक्षा तिला?" एलिसेओने विचारलं.

"तुला बसवून मला काय मिळणार, एलिसेओ? तू तसाही बादलीवर बसलेलाच असतोस."

सगळे हसले. एलिसेओही हसला. मी हसले नाही. कारण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"हां, आणि त्या बादल्या. पिचरच्या बापांनी आपापल्या बादल्या घेऊन डाव्या कुंपणापलीकडे बसायचं. तिथून खाणाखुणा चालणार नाहीत."

तर मित्रांनो, असा माझा वनवास सुरू झाला. जी हात फिरवायला शिकली ती माझ्यासमोर, तिचा खेळ आता मी पार कुंपणापलीकडून बघायचा. तिथून चेंडू वाटाण्याएवढा दिसतो. एलिसेओ मात्र मुकाट्याने तिथे बसायचा. हात चुकून वर जाऊ नयेत म्हणून ते मांड्यांखाली दाबून धरायचा. त्याच्या तळहातांची धग मला गादीतून जाणवायची. लोरेटाचा मला राग होता आणि अजून आहे. पण तिच्यासारखी कोच टुलारेच्या अख्ख्या खोऱ्यात दुसरी नव्हती, हेही मी सांगणार. राग आहे म्हणून खोटं बोलायला मी काही माणूस नाही.

पोरींच्या कॉलेजसाठी ती जिवाचं रान करायची. कोणाचं गणित कच्चं आहे, कोणाचा कॉलेजला पाठवायचा खेळाचा व्हिडिओ लांबलाय, कोण उगीच नामांकित विद्यापीठाच्या नादी लागलीय, सगळं तिच्या डोक्यात असायचं. "तुला जिथे खेळायला मिळेल तिथे जा, जिथली टोपी छान दिसते तिथे नको," असं ती एकेकीला सुनवायची. आणि सराव संपला की फोनची तालीम घ्यायची. एका पोरीने खऱ्या फोनवर कॉलेजची कोच व्हायचं आणि दुसरीने तिला फोन करायचा.

इत्सेलची पाळी आली की सगळ्या पोरी जवळ सरकायच्या. कारण इत्सेल चेंडू टाकताना वाघीण असली, तरी फोन हातात घेतला की तिची दातखीळ बसायची. तिची मैत्रीण डेलेनी ही संघाची कॅचर. ती खाऊच्या टपरीमागे जाऊन फोन घ्यायची आणि आवाज घोगरा करायची.

"हॅलो, मी अतिशय मोठ्या विद्यापीठाची अतिशय कामात असलेली कोच. पटकन बोल, माझं सँडविच गार होतंय."

"हॅलो. मी... मी इत्सेल. मी पिचर... म्हणजे... बरं, ठेवते."

"ठेवते? अगं ए, सँडविच तरी संपू दे!"

पोरी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत खो खो हसायच्या. लोरेटा हसायची नाही. "इत्सेल," ती म्हणायची, "कॉलेजला तुझा हात हवाय हे मला मान्य. पण त्या हाताचा पत्ता तुझ्या तोंडालाच सांगावा लागेल. तुझ्यासाठी मी बोलणार नाही आणि तुझा बापही नाही."

मग तो उन्हाळा आला. शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीचा. डस्ट डेव्हिल्समध्ये एक रीत होती. एखादीचं कॉलेज ठरलं की त्या कॉलेजच्या रंगाचा केक आणायचा आणि तिचं तोंड त्यात बुडवायचं. त्या उन्हाळ्यात निळे केक झाले, लाल झाले, एक भयंकर जांभळाही झाला. इत्सेल दर वेळी ताटल्या वाटायची. तिने लिहिलेल्या पत्रांना उत्तरं यायची नाहीत, किंवा यायची ती एकाच सुराची. उंची कमी पडते. पिचर आधीच घेतल्या. शुभेच्छा. घरी आल्यावर ती मला पाय मारून जागेवर सरकवायची आणि बापाला म्हणायची, "अपा, बसा." त्या दिवशी चेंडू जास्त जोरात यायचे.

फक्त नेब्रास्कातल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचने, हॉर्स्टमन बाईंनी, कळवलं की समुद्राकाठच्या मोठ्या स्पर्धेत शनिवारी सकाळचा तुझा सामना मी बघेन; संध्याकाळी माझं परतीचं विमान आहे. एवढंच होतं. एक बाई, एक सामना. इत्सेलकडे त्याशिवाय काहीच उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पोरी कसरती करत होत्या. एलिसेओ मला कडीने धरून डाव्या कुंपणाकडे निघाला होता. जाळीमागे झाडाच्या सावलीत हॉर्स्टमन बाई एकट्याच बसल्या होत्या. शर्टावर कॉलेजचं अक्षर, मांडीवर चेंडूचा वेग मोजायचं यंत्र. एलिसेओ थांबला. त्याला नियम पाठ होता. दोन उन्हाळे त्याने तो हात दाबून पाळला होता. पण त्याला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला पोरीला सांगायची त्याला लाज वाटत होती. तो वळला, त्यांच्या खुर्चीशेजारी मला टेकवलं आणि चक्क बसला.

"नमस्कार बाई. मी इत्सेलचा बाप. मला फक्त एकच..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. हॉर्स्टमन बाई उठल्या, खुर्ची मिटली, "आज बोलता येत नाही, साहेब," एवढंच म्हणाल्या आणि पलीकडच्या मैदानाकडे चालायला लागल्या. मागे वळूनही बघितलं नाही. एलिसेओ माझ्यावर तसाच बसून राहिला. समोर लोरेटा उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"इत्सेल," ती तिथूनच म्हणाली, "आज तू बाकावर."

झालं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सामना सुरू झाला, संपला. दुसऱ्या पिचरने चेंडू टाकले. इत्सेल बाकावर बसून सगळ्यांची हेल्मेटं उचलत राहिली, ओरडून धीर देत राहिली. तसा नियमच होता, आणि तिने तो पाळला. पण कुंपणापलीकडून मला तिची मान दिसत होती. ती एकदाही आमच्याकडे वळली नाही.

सामना संपल्यावर गाडीपाशी ती बापासमोर उभी राहिली.

"अपा, काय केलंत हे?"

"मी फक्त विचारायला..."

"काय विचारायला? दोन वर्षं बसलात ना तिकडे गप? आजच काय झालं होतं?"

एलिसेओ टोपी काढून हातात फिरवत राहिला. मित्रांनो, त्या माणसाला गायीने लाथ मारलेली मी पाहिली होती, पण असा चेहरा पाहिला नव्हता. इत्सेलच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. ती आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात संघातल्या दुसऱ्या पिचरचा बाप ट्रेंट आपली दुकानातली बादली झुलवत तिथून गेला.

"काय रे एलिसेओ," तो हसत म्हणाला, "एवढ्यासाठी आणलीस होय ती गोठ्याची बादली? पोरीचं कॉलेजच बुडवलंस की तिच्यात!"

एलिसेओ खाली बघत राहिला. इत्सेलने मात्र मान वर केली.

"मिस्टर ट्रेंट," ती म्हणाली, "तुमच्या बादलीवर तुम्ही शेवटचे कधी बसलात?"

ट्रेंटचं हसू ओठावरच वाळलं. तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. मी बादली नसते तर त्या क्षणी उठून नाचले असते.

लोरेटा मागेच उभी होती. ती इत्सेलला म्हणाली, "फोन कर तिला. आजचा तुझा खेळ संपलाय. माफी माग. बापाला काही कळत नाही म्हणून सांग, पुन्हा होणार नाही म्हण. पडतं घे. अजून विमानाला वेळ आहे."

इत्सेलने चेंडूंसाठी झाकण न उघडता मला ओढून पुढे घेतलं आणि ती माझ्यावर बसली. आयुष्यात पहिल्यांदाच. तिने फोन लावला. पलीकडे कुणी उचलला नाही. निरोप ठेवा, असं यंत्राने सांगितलं. डेलेनी आणि दोन-तीन पोरी जमल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता 'बरं, ठेवते' येणार. मलाही तेच वाटलं.

"हॉर्स्टमन कोच, मी इत्सेल विलासेन्योर. डस्ट डेव्हिल्सची पिचर. सकाळी तुमच्या शेजारी बादली टाकून बसले ते माझे वडील. त्यांनी नियम मोडला, त्यासाठी मी आज बाकावर बसले, आणि ते योग्यच होतं. पण त्यांच्यासाठी माफी मागायला मी फोन केलेला नाही. मी ती मागणार नाही. मला जे टाकता येतं ते त्यांनी झेललं म्हणून टाकता येतं. आत्ता मी मैदानांमागे, पाण्याच्या टाकीजवळच्या गवतावर त्यांना चेंडू टाकणार आहे. तुम्हाला आमच्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. बघता येतं."

तिने फोन ठेवला. डेलेनीचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"हीच का ती? सँडविचवाली?"

"मी सांगितलं होतं, त्यातलं यात एक अक्षर नव्हतं," लोरेटा म्हणाली.

"नव्हतं, कोच."

"टाकीजवळ सामना नाही," लोरेटा म्हणाली. "म्हणजे तिथे माझा नियमही नाही. पण बॅग तूच उचल."

गवत उंचसखल होतं. एलिसेओने मला टेकवलं तेव्हा मी डगमगत होते, मग तो बसला आणि मी स्थिर झाले. पहिला चेंडू इतका खाली आला, की सरळ त्याच्या नडगीवर बसला. आवाज ऐकून डेलेनीने डोळे मिटले.

"अपा!"

"खाली होता," एलिसेओ म्हणाला. "अजून."

दुसरा बाहेर गेला. तिसरा ग्लोव्हमध्ये आला. मग ती रुळली. हात फिरायचा, पाय घासायचा, आणि ग्लोव्ह फटाक्यासारखा वाजायचा. मध्येच कधीतरी हॉर्स्टमन बाई आल्या. एलिसेओच्या पाठीमागे, बऱ्याच अंतरावर, टाकीच्या सावलीत उभ्या राहिल्या. एलिसेओला त्या दिसत नव्हत्या. इत्सेलला समोरच दिसत होत्या. माझ्या पाठीला डोळे आहेत म्हणून मलाही दिसत होत्या, आणि मनातल्या मनात मी त्यांना म्हणत होते, बघा, आता बघा, आता जाऊ नका कुठे.

त्यांनी यंत्र वर धरलं. खाली केलं. पुन्हा वर धरलं. तोंडातून शब्द काढला नाही, मान डोलावली नाही, हसल्या नाहीत. मग यंत्र पिशवीत टाकून आल्या तशा निघून गेल्या.

"मागे कोणी होतं का गं?" थोड्या वेळाने एलिसेओने विचारलं.

"चेंडूकडे बघा, अपा," इत्सेल म्हणाली. रविवारच्या सामन्यात ती खेळली, जिंकली, आणि ते बघायला कुणीही नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. फोन यायचा तो ग्रासिएलाच्या बहिणीचा. एलिसेओ गोठ्यातून यायचा, बसायचा, झेलायचा. दोघं फारसं बोलत नव्हती. नडगीवरचा डाग हिरवा झाला, मग पिवळा झाला. आणि एका संध्याकाळी अंगणात सराव चालू असताना फोन वाजला. इत्सेलने नंबर पाहिला आणि पुन्हा तिची दातखीळ बसायला लागली. मग तिने फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि माझ्याशेजारी जमिनीवर टेकवला.

"इत्सेल, हॉर्स्टमन बोलतेय. माझ्याकडे एका पिचरची जागा आहे. ती तुझी. फीचा मोठा भाग कॉलेज उचलेल. नीट विचार कर, घरी बोल, मग सांग."

ग्रासिएला दारात तोंडावर पदरासारखा ॲप्रन दाबून उभी राहिली. इत्सेलला "हो" म्हणता म्हणता रडू फुटलं.

"रडून झालं की वडिलांना दे," फोनमधून आवाज आला.

एलिसेओ माझ्यावरून उठून उभा राहिला. हात विजारीला पुसला, जणू बाई हात मिळवणारच होत्या.

"मिस्टर विलासेन्योर, त्या दिवशी मला उठावं लागलं. आज मला बोलायची मोकळीक आहे. तुम्ही म्हणालात, मला फक्त एकच. काय होतं ते?"

आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, की तो लेकीची तारीफ करायला गेला होता. सगळेच बाप करतात. लोरेटाला तसंच वाटलं होतं, इत्सेललाही.

"बाई," एलिसेओ म्हणाला, "तुमच्याकडे बर्फ पडतो म्हणे. हिवाळ्यात हिचा चेंडू कोण झेलणार?"



"आमच्याकडे छपराखालचं मैदान आहे," हॉर्स्टमन बाई म्हणाल्या. "दोन कॅचर आहेत, चांगल्या आहेत. रोज न कंटाळता झेलतील का, ते मी बघेन. माझा शब्द धरा."

"धरला," एलिसेओ म्हणाला आणि पुन्हा माझ्यावर बसला. "अजून," तो इत्सेलला म्हणाला. तिने चेंडू टाकला, आणि तो त्याने सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी असल्यामुळे.

डेलेनीने केक आणला. तो पिवळा होता. इत्सेलचं तोंड बुडवायला लोरेटा सगळ्यांच्या पुढे होती.

पुढच्या वर्षी शाळा संपवून ती कॉलेजला गेली तेव्हा मी मोरीशेजारच्या छपरीत गेले. माझ्यावर कुणी बसेना. ग्रासिएला दोनदा येऊन मला उचलून बघून गेली. तिला माझ्या बुडाला भोकं पाडून मिरच्या लावायच्या होत्या. मिरच्यांशी माझं भांडण नाही. पण मी माझं झाकण घट्ट धरून बसले, आणि तिच्याने ते निघेना. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बापासारखीच आहे मेली."

नाताळात इत्सेल घरी आली. दंड पीळदार झाले होते, खांदे रुंद झाले होते. घरात मक्याच्या पानांत गुंडाळलेले तमाले उकडत होते, बाहेर आमच्या खोऱ्यातलं ते दाट धुकं उतरलं होतं. एलिसेओने मला बाहेर काढलं, पुसलं आणि ग्लोव्ह घातला.

"नको, अपा," ती म्हणाली. "मी आता फार जोरात टाकते. तुमचे गुडघे..."

"मी गुडघ्यांवर बसत नाही. बादलीवर बसतो."

तिने टाकला. चेंडू छान आला, गोल, गुबगुबीत, पाहुण्यांना घालावा तसा. एलिसेओने तो झेलला, हातात घोळवला आणि परत फेकला.

"अजून," तो म्हणाला.

पुन्हा तसाच आला. या वेळी त्याने तो परत फेकला नाही. ग्लोव्हमध्येच धरून ठेवला.

"तिथल्या कॅचरला असाच टाकतेस?"

इत्सेलने बुटाच्या टोकाने माती उकरली.

"खरा टाक, पोरी."

तिने पाहिलं, की बाप हलत नाही. मग तिने हात फिरवला. तो चेंडू मला दिसलाच नाही, मित्रांनो. ग्लोव्हच्या टोकाला लागून तो खाली आला आणि माझ्या कुशीत शिरला. कड्कन आवाज झाला. माझी भिंत वरपासून खालपर्यंत तडकली, एलिसेओ एका बाजूला कलंडला आणि जमिनीवर बसला. इत्सेल किंचाळत धावली. तो हसत होता. इतका हसत होता, की त्याला उठता येईना.

"आत होता," तो म्हणाला. "फार आत."

कहाणीच्या शेवटी म्हाताऱ्या वस्तूंनी हात जोडायचे असतात म्हणे. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. मला जपा, पुसून ठेवा, असली विनवणी मी करणार नाही. जपून ठेवलेल्या बादल्या मी पुष्कळ पाहिल्या; त्यांच्यावर कुणी बसत नाही. मी सांगते ते एवढंच, आणि ते ठणकावून सांगते. तुमच्यासमोर रोज येऊन बसणारं एखादं माणूस तुम्हालाही असेल. आई असेल, बाप असेल, मास्तर असतील. चारचौघांत त्यांची लाज वाटू देऊ नका. आणि पुढे तुमचा हात त्यांच्यापेक्षा भारी झाला, तर दया म्हणून त्यांना हळू टाकू नका. त्यांना ते लगेच कळतं, आणि नडगीपेक्षा जास्त लागतं.

एलिसेओने दुसऱ्या दिवशी गोठ्यातली रुंद चिकटपट्टी आणली आणि माझ्या पोटाभोवती करकचून गुंडाळली. ग्रासिएला दारातून म्हणाली, "अहो, ती आता वजन घेणार नाही." एलिसेओने अंगणात मला टेकवलं, इत्सेलला हाक मारली आणि बसला.

मी वजन घेतलं.